करंटच्या सायकलवरून आटपाडीकडे

मी एसटीत वाहक होते, विटा डेपोला. धावत्या गाडीत कशाचाही आधार न घेता उभं राहायचं, तिकीट काढायचं, सुटे पैसे द्यायचे आणि मागच्या सीटवर कोण झोपलंय त्याला त्याच्या गावाच्या आधी उठवायचं, हे माझं काम. गाडी कुठल्या वळणावर कशी झुकणार हे माझ्या तळपायांना माझ्या आधी कळायचं. मी त्याचा कधी विचारही केला नव्हता. आपण श्वास घेतो त्याचा विचार कुठं करतो, तसं.

पडले ती मात्र घरीच. उन्हाळा होता, माझी साप्ताहिक सुट्टी होती आणि सासूबाईंनी कुरडया घातल्या होत्या. आमच्या गच्चीला एका बाजूला कठडा नव्हता. बांधू बांधू म्हणत तो राहून गेला होता. जुन्या साडीवर कुरडया पसरलेल्या, तेवढ्यात वारा सुटला आणि साडीचा एक कोपरा वर उचलला गेला. त्यावर वीट ठेवायची म्हणून मी साडी ताणत ताणत मागं सरकले. पडल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी अंगणात उताणी आहे आणि ती पिवळी साडी माझ्यावर हळूहळू उतरतेय. तिच्यातून ऊन गाळून येत होतं. सगळं इतकं शांत आणि पिवळं होतं, की मला वाटलं, थोडा वेळ असंच पडून राहावं. मग माणसं धावून आली. कुणीतरी माझे पाय उचलले. ते पाय माझे आहेत हे मला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

मिरजेला ऑपरेशन झालं. पाठीच्या मधला मणका फुटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, मज्जारज्जू दबलाय, पण पूर्ण तुटलेला नाही. किती परत येईल ते आत्ताच सांगता येणार नाही. माझे यजमान कोइमतूरला सोन्याच्या गलाईच्या दुकानात असतात. आमच्या भागातली निम्मी माणसं अशीच कुठल्या कुठल्या शहरांत सोनं वितळवत बसलेली. ते रातोरात निघून आले आणि मला टेकून बसता येईपर्यंत राहिले. मग त्यांना परत जावं लागलं. सासूबाईंचे गुडघे धड नव्हते. तेव्हा माझे वडील, अण्णा, खटाव तालुक्यातलं आमचं गाव सोडून माझ्याजवळ आले. अण्णा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी सांगलीजवळ माधवनगरला एक खोली भाड्यानं घेतली, तीत लोखंडी कॉट टाकली आणि मला म्हणाले, "आता ही आपली पोस्ट. हितनं हलायचं न्हाई, तू हलायला लागंपत्तुर."

खोलीच्या भिंतीपलीकडे दोन-चार यंत्रमाग अजून चालायचे. खटखट, खटखट. सुरुवातीला त्यानं डोकं उठायचं. पुढं तो आवाज बंद पडला की जाग यायची. पाठीला जखम होऊ नये म्हणून अण्णा मला ठरावीक वेळानं कुशीवर वळवायचे. लघवीची नळी, पिशवी, अंग पुसणं, हे सगळं त्या माणसानं केलं, ज्यानं मी न्हाती-धुती झाल्यापासून माझ्या डोक्यावरून हातसुद्धा संकोचानं फिरवला होता. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. ते काम करताना ते भिंतीकडं बघून पावसापाण्याचं बोलायचे, आणि मीही बोलायचे.

मागांच्या त्या खटखटीत मला स्वप्नं पडायची. त्या सगळ्यांत मी चालत असायचे. पडलेली आहे, ऑपरेशन झालंय, हे स्वप्नातसुद्धा माहीत असायचं. पण तरी मी उठून भरल्या गाडीतून तिकिटं काढत पुढं पुढं जायचे, आणि गाडी संपायचीच नाही. सीटांमागून सीटा. कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या मांडीवर बाळ. खिडकीबाहेर कधी ऊस, कधी नुसता माळ. जाग आली की क्षणभर पाय गाडीत राहिलेत असं वाटायचं.

सकाळी रिक्षातून सांगलीला जायचं. तिथं एका जुन्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर व्यायाम-उपचाराचं केंद्र होतं. मोठी खोली, निळ्या गाद्या, मध्ये दोन समांतर दांड्या आणि छताला टांगलेला पट्ट्यांचा एक झोपाळा. माणसाला त्या पट्ट्यांत अडकवून खाली चालत्या पट्ट्यावर उभं करायचे. तिथल्या मॅडम अंगानं बारीक, आवाजानं मऊ. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मांडीवर आणि गुडघ्याखाली चिकट पांढऱ्या चकत्या लावल्या, त्यांच्या वायरी एका डब्याला जोडल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता करंट देणारे. घाबरू नका. मेंदूकडून येणारा निरोप मध्येच अडकतोय, म्हणून आपण स्नायूला थेट बाहेरून सांगायचं."

त्यांनी बटण फिरवलं. आधी काहीच नाही. मग लांब कुठंतरी, दुसऱ्याच्या अंगावर चालाव्यात तशा मुंग्या. मग माझं डावं पाऊल घोट्यातून वर उचललं गेलं, थोडा वेळ थांबलं, आणि खाली आलं. परत उचललं गेलं. मी त्याच्याकडं बघत राहिले. माझं पाऊल होतं आणि मला न विचारता उठत होतं. झोपेत कुणी आपलं नाव घ्यावं आणि आपल्याला ओ देता येऊ नये, तसं काहीसं. अण्णा दाराशी हाताची घडी घालून उभे होते. ते बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

माझ्या शेजारच्या गादीवर एक बाई असायच्या, आटपाडीकडच्या. पन्नाशीच्या, उन्हानं काळपट झालेल्या, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. शेरडांसाठी बाभळीच्या शेंगा पाडायला झाडावर चढल्या आणि फांदीसकट खाली आल्या. त्यांची इजा माझ्यापेक्षा वरची होती आणि पूर्ण होती. छातीखाली त्यांना काहीच कळत नव्हतं. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या मला बाय म्हणायच्या.

"तुला मुंग्या येत्यात व्हय?" त्यांनी एकदा विचारलं.

"येतात मावशी. बारीक."

"बरं हाय. मला त्या बी येत न्हाईत. माजं पाय म्हंजी निजल्यालं पोर. लय गाढ निजलंय."

त्या हे रडत सांगत नव्हत्या. करंट लावला की त्यांचीही मांडी आखडायची, गुडघा सरळ व्हायचा. स्नायू जिवंत होते. पण त्या फक्त बघू शकायच्या. मॅडमनी त्यांना खोटी आशा दिली नव्हती. त्यांना सांगितलं होतं, की या करंटनं पाय सुकणार नाहीत, रक्त खेळेल, जखमा कमी होतील. चालणं परत येईल असं त्या म्हणत नव्हत्या. मावशी म्हणाल्या होत्या, "तुमी खरं सांगताय त्ये बरं. माज्या शेरडांना बी मी खोटं सांगत न्हाई."

असे पुष्कळ दिवस गेले. दिवस असे नव्हतेच खरं तर, एकच लांबलचक सकाळ होती. तीत खिडकीतून ऊन गादीवर यायचं आणि सरकत सरकत भिंतीवर जायचं. मॅडम सांगायच्या, "ताई, पाऊल उठतं तेव्हा तुम्हीही मनातनं उठवा. मशीनच्या बरोबरीनं." मी मनातनं उठवायचे. उठव, सोड. उठव, सोड. अण्णांनी त्याचं "एक-दो, एक-दो" केलं. मॅडमना आधी हसू आलं, पण तो ताल मला बरा पडायचा.

एका सकाळी माझ्या पायाला करंट चालू होता आणि लाईट गेली. पंखा घरघरत थांबला. मशीनचा हिरवा दिवा विझला. मॅडम पलीकडे दुसऱ्या पेशंटला दांड्यांमध्ये धरून उभ्या होत्या. मी डोळे मिटून होते, तालात होते, आणि मला काही कळलंच नाही. मावशींचा आवाज आला.

"आगं बाय, लाईट गेली न्हवं?"

"गेली वाटतं."

"मग तुजा पाय कसा उठला?"

मी डोळे उघडले. पाऊल खाली होतं. मी त्याच्याकडं बघितलं आणि मनात म्हटलं, उठ. काही नाही. परत म्हटलं. तेव्हा ते उठलं. करंटनं उठायचं तसं झोकात नाही. पाण्याखालची वस्तू हलते तसं, जरासं, आणि लगेच पडलं. अण्णांनी ते बघितलं. ते माझ्या पायाशी खाली बसले आणि त्यांनी माझा अंगठा दोन बोटांत धरला, जणू तो पळून जाईल.

मला आनंद झाला का? झाला असणार. पण त्या वेळी मला पहिल्यांदा जाणवलं ते शेजारच्या गादीवरचं मौन. मी मान वळवायला तयार नव्हते. मावशींनीच हात लांब करून माझं मनगट धरलं. त्यांच्या बांगड्या वाजल्या.

"हिकडं बग की. त्वांड कशापायी लपवतीस? माजं काय तुज्या पायात गुतलंय व्हय? एकीचं तरी उठलं."

त्यानंतर माझी गाडी हळूहळू चालू झाली. छताच्या पट्ट्यांत मला अडकवायचे, खाली पट्टा फिरायचा आणि करंटच्या तालावर पाय पडायचे. अर्धं वजन वर टांगलेलं असल्यामुळं मी चालतेय की तरंगतेय हे मला समजायचं नाही. अण्णा समोर उभे राहून जागच्या जागी कदमताल करायचे. सत्तरीकडं झुकलेला माणूस, पांढरी टोपी घालून, सांगलीतल्या एका खोलीत माझ्यासाठी परेड करत होता. पावलं पडायची ती कधी माझी, कधी मशीनची. कुठलं कुणाचं हे आम्हांला सांगता आलं नसतं.

मग ती सायकल आली. पुण्याच्या कुठल्याशा लोकांनी केंद्राला काही आठवड्यांसाठी वापरून बघायला दिली होती. जाग्यावरच फिरणारी सायकल; व्हीलचेअरवर बसूनच तिच्या पायट्यांत पाय अडकवायचे. मांड्यांना, कमरेखाली, पोटऱ्यांना चकत्या लावायच्या आणि यंत्र बरोबर क्रमानं करंट सोडायचं. ज्यांना पायात काहीच कळत नाही त्यांचेही स्नायू आखडायचे आणि पायटे फिरायचे. मोटर नव्हे, त्यांचेच स्नायू. मॅडम म्हणाल्या, पहिला नंबर मावशींचा.

मावशी आयुष्यात सायकलवर बसल्या नव्हत्या. "पोरगी असताना भावाच्या सायकलला नुसता हात लावला तर आजीनं चिमटा काढला हुता," त्या म्हणाल्या. त्यांचं नऊवारी सायकलपुरतं बाजूला ठेवून त्यांना सलवार घातली होती आणि ती मांडीपर्यंत वर दुमडली होती, त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती. चकत्या लागल्या. मॅडमनी बटण दाबलं. एक मांडी फुगली, पाय खाली गेला. मग दुसरी. पायटा अडखळत फिरला, मग गुळगुळीत फिरायला लागला.

मावशी आपल्या गुडघ्यांकडं बघत होत्या. ते वर येत होते, खाली जात होते, उन्हात तेलाचा हात फिरवल्यासारखे चमकत होते.

"कुटं चालली मी?" त्यांनी हळूच विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आटपाडी, आटपाडी. चला, आटपाडीच्या माणसांनी बसून घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. "सोड मग गाडी," म्हणाल्या.

मी व्हीलचेअर त्यांच्या शेजारी घेतली आणि गावं पुकारायला लागले. सांगलीच्या स्टँडवरून निघालो. माधवनगर. बुधगाव. माझा आवाज इतक्या महिन्यांनी तसा लागला होता, पोटातून, गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. कवलापूर. पायटे फिरत होते. "डाव्या हाताला काय हाय?" मावशी डोळे मिटूनच विचारायच्या. "द्राक्षांचे मांडव, मावशी. कागद घालून ठेवलेत." "वास येतोय," त्या म्हणायच्या. मॅडमनी वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा आम्ही कवठे एकंदच्या अलीकडं होतो. मावशी म्हणाल्या, "उद्या हितनंच पुढं."

दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. स्नायू फार लवकर थकतात म्हणून रोज थोडंच. तासगावात आम्ही चांगले तीन-चार दिवस होतो, कारण मावशींना ताप आला. तासगावच्या पुढं हिरवं कमी कमी होत जातं, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. मी सांगायचे, आता ऊस संपला. आता ज्वारी. आता नुसती कुसळं. अण्णासुद्धा बाकावर बसून ऐकायचे, मध्येच एकदा म्हणाले, "हितं एक चहाची टपरी हुती. हाय का गेली?" मी म्हटलं, "आहे अण्णा." खरं तर मला माहीत नव्हतं. ती तिथं असावी असं वाटलं.

भिवघाट आला तेव्हा सायकल परत जाणार असल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी शेवटचं. मॅडमना वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, उद्या थोडा जास्त वेळ देते. तुम्हाला घरापर्यंत सोडू आपण."

दुसऱ्या दिवशी मी सगळी वाट मनात आखून आले होते. भिवघाट उतरला, उजाड माळ सुरू झाला, मेंढ्यांचा एक कळप मी आडवा आणला, गाडी थोडी थांबवली. मावशींच्या कपाळावर घाम होता आणि ओठांवर हसू. मी पुकारलं, "करगणी, करगणी." पुढं आटपाडीच होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मॅडम, थांबवा."

"मावशी, वेळ आहे अजून," मॅडम म्हणाल्या.

"थांबवा. हितंच उतरती मी."

यंत्र थांबलं. पाय पायट्यांत लोंबकळत राहिले. मी विचारलं, "का मावशी? थोडंच राहिलं होतं."

त्यांनी तोंड पुसायला पदर चाचपला. पदर नव्हता, ओढणी होती. ती त्यांना सापडेना. मग हातानंच पुसलं. "घरी मी खरीच जाणार हाय, बाय. गाडीतनं उतरवून खुर्चीत बसवत्याल. दारात शेरडं असत्याल, शेजारणी असत्याल. त्या येळंला मला असं वाटाय नगं, की आदी मी पायानं येऊन गेलती. घरात एकदाच शिरायचं असतंय."

मॅडम खाली वाकून चकत्या सोडवत राहिल्या. एकेक चकती निघताना त्वचेवर लाल गोल उरत होता.

मावशी त्या आठवड्यात आटपाडीला गेल्या. मी आणखी बरेच दिवस राहिले, मग अण्णांबरोबर खटावला आमच्या गावी गेले. गुडघ्याखाली बांधायचा एक लहान डबा मला मिळाला होता. टाच उचलली की तो करंट सोडतो आणि पाऊल घासत न जाता वर उचललं जातं. त्याच्या आधारानं आणि वॉकर धरून मी अंगणात चालायला लागले, मग रस्त्यावर, मग देवळापर्यंत. अण्णा माझ्या एक पाऊल मागं असायचे. वाटेत कुणी चौकशी केली तर मीच उत्तर द्यायचे. अण्णा नुसतं आभाळाकडं बघायचे. लांब जायचं असलं की खुर्ची लागते, आजही. डाव्या तळव्याला खडा आणि गवत यांतला फरक कळत नाही. पाय थंडीत आपोआप थडथडतात. एवढं आलं आणि इथंच थांबलं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी त्यांना समाधान आहे असं सांगितलं, आणि ते बहुतेक वेळा खरं असतं.

विट्याला परत आल्यावर डेपोनं मला पास देण्याच्या खिडकीवर बसवलं. यजमान अजून कोइमतूरला आहेत. त्यांचा संध्याकाळी फोन येतो. दिवाळीत येतात तेव्हा माझा हात धरून गावातून एक फेरी मारतात. गच्चीला कठडा बांधलाय त्यांनी, छातीएवढा. मी अजून वर गेलेली नाही.

गेल्या थंडीत मी आटपाडीला गेले. मावशींची वस्ती गावापासून थोडी बाजूला, डाळिंबाच्या बागेला लागून. घरापुढं सिमेंटचा उतार केलेला. मावशी खुर्चीत होत्या, नऊवारी नेसलेल्या, आणि त्यांच्या भोवती शेरडं. खुर्चीच्या दांड्याला त्यांनी पाल्याची पेंढी बांधली होती, त्यामुळं त्या जिकडं जातील तिकडं कळप जायचा. दंड चांगले भरले होते. मला वॉकर घेऊन येताना बघून त्या जागच्या हलल्या नाहीत. मी जवळ जाईपर्यंत बघत राहिल्या, माझ्या पायांकडं, पावलामागून पाऊल. मला मुद्दाम नीट चालावंसं वाटलं आणि त्यामुळंच एकदा अडखळले.

"हळू," त्या म्हणाल्या. "कुणाची गाडी चुकाय लागलीया का?"

आम्ही चहा घेतला. त्या रोज स्वतःला खुर्चीतून कॉटवर आणि कॉटवरून खुर्चीत कसं टाकतात ते त्यांनी मला करून दाखवलं. मॅडमनी दिलेला लहान करंटचा डबा त्यांच्याकडं होता. दुपारी शेरडं बसली की त्या मांड्यांना लावतात. "लावून बसती," त्या म्हणाल्या. "मांडी हलती. बगत बसती. कवा कवा झोप लागती."

"स्वप्न पडतं का मावशी?"

"पडतंय की. पर मी खुर्चीतच असती आता. पयलं चालायची. आता सपनात बी खुर्ची येती." त्यांनी थोडा विचार केला. "तुला?"

मी सांगितलं, माझ्या स्वप्नात मी वॉकर विसरते आणि मग गाडीभर तो शोधत फिरते, चालत.

त्या पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. एक शेळी आज-उद्या व्यायला झालेली होती. ती आवाजानं दचकून उठली. मावशींनी चाकं ढकलत जाऊन तिच्या पोटावर हात ठेवला आणि मला जवळ बोलावलं. वॉकर भिंतीला लावून, भिंत धरत धरत मी गेले. त्यांनी माझा हात ओढून त्या गरम, ताठ पोटावर दाबला. बराच वेळ काही लागलं नाही. माळावरचं ऊन उतरायला लागलं होतं आणि डाळिंबांच्या पलीकडून कुणीतरी मोटर चालू केली होती. मग हाताखाली आतून एक लहानसा धक्का बसला, आणि आणखी एक.

"लागलं?" मावशींनी विचारलं.

"लागलं."

"दोन असत्याल," त्या म्हणाल्या, आणि पाला सोडायला वळल्या.